ह्यांच्या वतीने मी बोलते

डॉक्टर "दोन्ही सारखंच" म्हणाले, तेव्हा त्यांच्या टेबलावरचा तो प्लास्टिकचा घसा उचलून भिंतीवर आपटावा असं मला वाटलं. सारखंच काय? एकीकडे भूल देऊन, तोंडावाटे आत शिरून, स्वरतंतूवरची गाठ लेसरने कापून काढायची. दुसरीकडे साडेसहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, चेहऱ्यावर मुखवटा आवळून टेबलावर निजायचं आणि गळ्यावर किरणं घ्यायची. एक कात्री, एक इस्त्री. मी तीस वर्षं कपडे शिवतेय, ह्या दोन गोष्टी सारख्या असतात असं मला तरी कुणी सांगू नये.

पण ते दोघंही तेच सांगत होते. सर्जनबाई तरुण, घड्याळाकडे बघत बोलणाऱ्या. किरणांचे डॉक्टर वयस्कर, प्रत्येक वाक्यानंतर चष्मा पुसणारे. "गाठ लवकर सापडलीय," बाई म्हणाल्या. "एकाच तंतूवर आहे, मसुराच्या दाण्याएवढी. तंतू अजून नीट हलतोय. ह्या पायरीवर शंभरातले नव्वदाहून जास्त बरे होतात. माझ्याकडेही आणि सरांकडेही. मंगळवारी माझ्याकडे एक जागा रिकामी आहे. विचार करा आणि कळवा."

विचार करा! कॅन्सर त्यांनी शोधला, यंत्रं त्यांची, शिक्षण त्यांचं, आणि विचार आम्ही करायचा. इकडे आड तिकडे विहीर असं म्हणतात, पण तिथे निदान आड कुठला आणि विहीर कुठली हे तरी दिसतं.

आमचे हे भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारतात. तिथे ह्यांना नावाने कुणी ओळखत नाही, 'भोंगा कुठाय' विचारलं की कुणीही हात करून दाखवेल. पत्र्याच्या त्या शेडखाली दीडशे माणसं, हातगाड्यांचा खडखडाट, मागे येणाऱ्या ट्रकची पीं-पीं, आणि त्या सगळ्यावर ह्यांचा आवाज. रिकाम्या क्रेटवर उभं राहायचं, बोली चढवत न्यायची, तीनदा पुकारायचं आणि तोडायची. तोडली की तुटली, मग देव आला तरी ती बदलत नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "मुलगा चांगलाय, पण त्या घरात कुजबुजायची सोय राहणार नाही." नाहीच राहिली. आमची भांडणं तीन घरं पलीकडे ऐकू जायची, म्हणजे त्यातली ह्यांची बाजू. माझी बाजू आजवर कुणाला कळलेली नाही.

चार महिन्यांपूर्वी ह्यांचा आवाज बसला. बाजारात चेष्टा सुरू झाली, भोंग्याला गंज चढला म्हणून. हे गोळ्या चघळत होते, गुळण्या करत होते आणि माझ्यावरच खेकसत होते, तेही फाटक्या आवाजात. शेवटी एक दिवस पुकारता पुकारता आवाज मधेच निघून गेला आणि टोमॅटोचा एक ढीग दुसऱ्या माणसाला पुकारावा लागला. तेव्हा कुठे दवाखान्यात आले. दुर्बीण घातली, तुकडा काढला, आठ दिवसांनी कागद हातात पडला. आणि तुकडा काढल्यावर बाईंनी बजावलं, "आता पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही. कुजबुजल्याने तंतूंवर उलट जास्तच ताण येतो."

तर भोंग्याच्या तोंडाला कुलूप लागलं. हे वजनकाट्याच्या पावत्यांच्या पाठीमागे लिहायला लागले. पावती ती केवढीशी, चार बोटांची. 'चहा.' 'पंखा.' 'ताईला फोन कर.' आणि बोलायचं सगळं काम माझ्याकडे आलं. बाजार समितीला फोन मी करायची, गॅसवाल्याशी मी बोलायची, दवाखान्याच्या फाइलवर नंबरही माझाच लागला. पलीकडून विचारायचे, "पेशंटच्या वतीने कोण बोलतंय?" मी म्हणायची, "त्यांची बायको." खोटं कशाला सांगू, पहिले दोन दिवस मला त्यात थोडी मजाही वाटली. तीस वर्षांनी माझी पाळी आली होती.

मापांची वही मी बरोबरच नेली होती. गिऱ्हाइकांची छाती-कंबर लिहायची तीच. डाव्या पानावर लिहिलं 'कात्री', उजव्या पानावर 'किरणं'. मग एकाखाली एक: आवाज, दिवस, त्रास, गिळणं, कामावर कधी, परत आला तर. डॉक्टर बोलत गेले आणि मी भरत गेले. कात्री: एक रात्र दवाखान्यात, मग काही दिवस मौन. कापताना किती खोल जावं लागतं त्यावर आवाज. वरवर असेल तर ठीक. खोल गेलं तर आवाजात वारा शिरतो, फुसका होतो, पूर्वीसारखा लांब पोचेलच असं नाही. किरणं: तिसऱ्या आठवड्यापासून घसा आतून सोलवटतो, घोट गिळताना डोळ्यांत पाणी येतं, गळ्याची कातडी काळवंडते. पण दोनतीन महिन्यांनी आवाज बहुतेकांचा चांगला परत येतो. 'बहुतेकांचा' ह्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. त्याच ओळीवर माझं पेन कितीतरी वेळ फिरत राहिलं.

घरी आल्यावर सगळी दुनिया डॉक्टर झाली. वन्संचा फोन आला, "कापू नका गं बाई. आमच्या शेजाऱ्यांना कापलं, ते अजून सरळ झाले नाहीत."

"कुठे कापलं होतं वन्सं?"

"गुडघ्यात."

समोरची म्हणाली, किरणांनी माणूस आतून भाजतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, दोन्ही नको, हळद खा. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. मी मात्र वही उघडून बसायची आणि मिटायची. रात्रंदिवस डोक्यात तेच. कात्री घेतली आणि आवाज गेला तर? किरणं घेतली आणि... पुढचं वाक्य मला कधी पूर्णच करता आलं नाही. शेजारी हे निवांत घोरायचे. घोरण्याला मौन लागू नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी दोन्ही पानं ह्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "उद्या कळवायचंय. काय करायचं?"

ह्यांनी वही माझ्याकडे सरकवली. खिशातून पावती काढली आणि लिहिलं, 'ठरलंय. ऑपरेशन. मंगळवार.'

"कधी ठरलं?"

'त्याच दिवशी. तू झेरॉक्सला गेलीस तेव्हा. बाईंना सांगितलं.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आठवडाभर मी दोन पानांमध्ये भरडली जात होते आणि हा माणूस बोली तोडून मोकळा झाला होता! "का? ऑपरेशनच का?" मी विचारलं. ह्यांनी पावतीवर उरलेल्या जागेकडे बघितलं, थोडा विचार केला आणि कडेला बारीक अक्षरांत लिहिलं, 'बोली सारखी. ती आधी बोलली.'

हा बाजारातला नियम आहे. दोन व्यापाऱ्यांनी एकच आकडा बोलला, तर ज्याचा आवाज पुकारणाऱ्याच्या कानावर आधी पडला, माल त्याचा. ह्यावर वाद होत नाही. ह्यांचा कान त्यासाठी नावाजलेला, डोळे मिटूनसुद्धा आधी कोण बोललं ते सांगतील. कोबीच्या ढिगाला ठीक आहे हो. पण स्वतःचा गळा?

मी जे सुरू झाले ते थांबेचना. म्हटलं, तो काय वांग्याचा ढीग आहे? म्हटलं, ती आधी बोलली कारण डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला होता! एकदा कापलं की कापलं, मी रोज कापते, मला विचारा, कापलेलं कापड कधी परत जोडून पूर्वीसारखं झालंय? इस्त्रीने चटका बसला तरी कापड अंगावर राहतं. हे खाली मान घालून ऐकत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा तीन घरं पलीकडे माझी एकटीची बाजू गेली. शेवटी ह्यांनी नवी पावती घेतली. 'शब्द दिलाय.' बस, एवढंच.

शुक्रवारी दुकानात एका बाईंचा कोट आला होता, बाह्या दोन बोटं आखूड करायच्या होत्या. मी तीन बोटं कापली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. कापलेली पट्टी हातात घेऊन बसले आणि मला दिसलं की मंगळवारी कुणीतरी असंच एक बोट जास्त कापणार आहे. आणि मग आमच्या घरात हा आवाज कधीच येणार नाही. जिन्यातून येणारी हाक येणार नाही, न्हाणीघरातून 'टॉवेल' म्हणून होणारी बोंब येणार नाही, माझ्यावर होणारी ओरड येणार नाही. पाचावर धारण बसली माझी. मी फोन उचलला.

"मंगळवारचं ऑपरेशन रद्द करायचंय," मी म्हटलं. "आम्ही किरणं घेतोय."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंट स्वतः बोलतील का?"

"त्यांना बोलायची बंदी आहे. ह्यांच्या वतीने मी बोलते."

"बरं. नाव काढते मग. सोमवारी किरणांच्या विभागात येऊन मुखवट्याच्या मापाची वेळ घ्या."

दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी डबा उघडून दुपारचं जेवण अकरालाच जेवले. ह्यांना काय सांगायचं? रविवारी सांगू म्हटलं. रविवारी वाटलं, सोमवारची वेळ हातात पडली की सांगू, म्हणजे बोली तुटलेली असेल आणि ह्यांना काही करता येणार नाही. हो, असाच विचार केला मी. ह्यांचाच नियम ह्यांच्यावर उलटवायचा होता मला.

सोमवारी मी एकटीच गेले. किरणांच्या डॉक्टरांनी चष्मा पुसला, फाइल उघडली. "पेशंट कुठेत?"

"उद्या आणते. मी म्हटलं, आधी वेळ घेऊन ठेवावी."

"त्यांचं तर ऑपरेशन ठरलं होतं ना? हरकत नाही, मत बदलू शकतं." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "परत आला तर काय, ह्याबद्दल बोललात ना तुम्ही दोघं?"

मी वही उघडली. डाव्या पानावर 'परत आला तर'च्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पुन्हा लेसर, किंवा मग किरणं. उजव्या पानावर त्या ओळीपुढे काहीच नव्हतं. कोरं होतं. मी आवाजाखाली रेघा मारत बसले होते तेव्हा डॉक्टर ते बोलून गेले असणार.

"सांगितलं होतं मी," ते सावकाश म्हणाले. "किरणं त्या जागेवर साधारण एकदाच देता येतात. बहुतेकांना ती एकदाच पुरतात. पण थोड्यांना आजार परत येतो, आणि तेव्हा माझ्या हातात काही उरत नाही. मग कापावंच लागतं, आणि तेव्हा कधीकधी सगळी स्वरपेटीच काढावी लागते. मग श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र. ऑपरेशन आधी केलं आणि परत आला, तर पुन्हा लेसर करता येतो आणि माझी किरणंही शिल्लक राहतात. म्हणून ते वाईट आणि हे चांगलं असं नाही. आवाजाच्या बाबतीत माझं पारडं जरा जड आहे, शिल्लक राहण्याच्या बाबतीत त्यांचं. कुणाला काय महत्त्वाचं, हा प्रश्न आहे."

मी शिवणकामवाली बाई. कापताना कडेला माया सोडायची असते, म्हणजे पुढेमागे उसवून सैल करता येतं, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. आणि इथे माया कात्रीच्या बाजूला होती. मी तीस वर्षांच्या शहाणपणाने उलटी बाजू धरली होती.

"तुमच्या मिस्टरांनी मला हेच विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि फाइलच्या आतल्या बाजूला टोचलेली एक पावती त्यांनी काढून दाखवली. वजनकाट्याची. पाठीमागे ह्यांचं अक्षर: 'परत आला तर तुमच्याकडे काय उरतं?' "मला लॉबीत थांबवलं त्यांनी. अशीच चिठ्ठी सर्जनबाईंनाही दिली होती म्हणे. पेशंट सहसा हे विचारत नाहीत. म्हणून जपून ठेवली."

मी ती पावती बघत बसले. मी झेरॉक्सच्या रांगेत होते तेवढ्या वेळात ह्यांनी दोघांनाही विचारलं होतं. आणि मला फक्त 'ती आधी बोलली' लिहून दिलं होतं.

दोन जिने मी कसे उतरले ते आठवत नाही. ऑपरेशनच्या काउंटरवर तीच मुलगी होती, आवाजावरून ओळखली. "मंगळवारचं नाव परत घाला," मी म्हटलं. "चूक झाली. माझी चूक झाली."

"ती जागा शुक्रवारीच दुसऱ्यांना दिली हो. आता थेट..." तिने पडद्यावर बघितलं. "एकोणीस दिवसांनी."

मी हात जोडले. रडले. पाय धरायचे बाकी ठेवले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर त्या मुलीच्या कीबोर्डलाच लटकले होते. ती बिचारी घाबरली. सर्जनबाई ऑपरेशनमध्ये होत्या, त्या सहा वाजेपर्यंत बाहेर येणार नव्हत्या. मुलगी म्हणाली, "उद्या सकाळी या, मॅडम भेटतील. पण पेशंटना घेऊन या. मॅडम म्हणतील, पेशंटने सांगायला हवं."

घरी आले तर हे बॅग भरत होते. टॉवेल, दाढीचं सामान, दोन बनियन, नव्या पावत्यांचं पुडकं. मला बघून हसले आणि आधीच लिहून ठेवलेली पावती पुढे केली. 'घाबरू नकोस. बुधवारी घरी.'

मी तीनदा तोंड उघडलं. एकदा बॅगेची चेन लावताना, एकदा ताट वाढताना, एकदा ह्यांनी घड्याळ दाखवलं तेव्हा, कारण रात्री दहानंतर पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं. तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोलले. ज्या बाईने आठवडाभर तोंडाचा पट्टा चालवला, तिच्या तोंडून एवढं एक वाक्य निघेना. हे उपाशी राहतायत, उगाच उपाशी राहतायत, हे मला एकटीला माहीत होतं आणि मी गप्प बसले. माझी मलाच किळस आली.

सकाळी सातला आम्ही काउंटरपुढे होतो. ह्यांची दाढी गुळगुळीत, सदरा इस्त्रीचा, ओठ पाण्याविना सुकलेले. भिंतीवर त्या दिवसाची यादी लावली होती. ह्यांनी बोट वरून खाली नेलं. मग खालून वर नेलं. मग काउंटरच्या मुलीकडे बघितलं, आणि ती माझ्याकडे बघत होती.

तिथे उभ्या उभ्याच मी सांगितलं. हळू नाही, मोठ्याने, सगळ्या हॉलसमोर, कारण हळू सांगायला गेले असते तर पुन्हा गिळलं असतं. "शुक्रवारी फोन करून मी रद्द केलं. तुम्हाला न विचारता. तुमच्या वतीने. किरणं घ्यायची ठरवलं होतं मी. ते चुकीचं होतं हे काल कळलं. आता एकोणीस दिवस जागा नाही."

ह्यांनी तोंड उघडलं. छाती भरून घेतली, जशी क्रेटवर चढल्यावर घेतात, आणि ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. गळ्यातून नुसता वारा आला, मधेच एक चिरका तुकडा, आणि पुन्हा वारा. दीडशे माणसांवरून जाणारा आवाज दोन खुर्च्यांपलीकडे गेला नाही. बसलेल्या लोकांनी माना वळवल्या आणि लगेच दुसरीकडे बघायला लागले. त्या आवाजासाठीच तर मी हे सगळं केलं होतं, आणि तो आधीच गेलेला होता.

हे खुर्चीवर बसले. हात सवयीने खिशाकडे गेला, पेन निघालं, मग त्यांनी ते परत ठेवून दिलं. जवळजवळ तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी तोंडाने बोलले, खरखरीत, शब्दाशब्दाला थांबत. "मला विचारलं का नाहीस?"

आणि माझा स्वभाव बघा, तेव्हाही मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलंत?"

 ह्यांनी मान हलवली. "नाही विचारलं."

"बोलीचा नियम कशाला सांगितलात? तुम्ही डॉक्टरांना काय विचारलं होतं ते मी पाहिलं. तेच मला का नाही लिहिलंत?"

"तुझी वही पाहिली होती," हे म्हणाले. "आवाज सगळ्यात वर. खाली रेघा." घोट गिळला, तोंड वाकडं झालं. "मला गळ्याला भोक नको होतं. आवाज गेला तर जाऊ दे, असं मी ठरवलं. ते तुला कसं सांगू? म्हणून नियम सांगितला. तू चिडशील म्हटलं. रडली असतीस तर मला जमलं नसतं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि रडले. म्हटलं, "मला तुमचा आवाज हवा होता हो. मला त्याच्याशिवाय घरात राहता येणार नाही असं वाटलं. तुम्ही राहाल की नाही, हा विचार मी केलाच नाही." हे असं बोलायला लाज वाटते, पण खरं तेच होतं. वहीत सगळ्यात वर मी माणूस लिहायला हवा होता आणि मी त्याचा आवाज लिहिला होता. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. हात त्यांच्या गुडघ्यावरच होता.

आठ वाजता सर्जनबाई आल्या. सगळं ऐकून माझ्यावर चिडल्या, आणि ते बरोबरच होतं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "एकोणीस दिवसांनी बहुतेक काही बिघडत नाही. ऑपरेशनच्या आधी मी दुर्बिणीतून पुन्हा बघेन. गाठ आहे तेवढीच असेल तर ठरल्याप्रमाणे. समोर, दोन्ही तंतू जुळतात तिथवर पसरली असेल, तर मात्र पुन्हा बसून बोलावं लागेल." बहुतेक. ह्या शब्दाखाली मी एकदा हौसेने रेघा मारल्या होत्या.  एकोणीस वेळा सकाळ होणार होती आणि प्रत्येक सकाळी तो मसुराचा दाणा तिथे असणार होता, माझ्या एका फोनमुळे.

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी विचारलं. मला नाही, ह्यांना.

"कापा," हे म्हणाले.

काउंटरवर नवी तारीख लिहिली गेली. मुलीने कागद पुढे केला, ह्यांनी सही केली. मग ती म्हणाली, "फाइलवरचा ताईंचा नंबर काढून टाकते. ह्यापुढे कुठल्या नंबरवर फोन करायचा?" ती माझ्याकडे बघत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं.

"माझा घ्या," हे म्हणाले, आणि सांगायला लागले.

पहिले दोन आकडे तिला कळले. पुढे वाराच आला. "काय म्हणालात?" ती काचेच्या भोकाशी कान नेत म्हणाली. ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागे ट्रॉलीचा आवाज झाला, पुन्हा बुडालं. ह्यांच्या कपाळावर घाम आला, गळ्याची शीर तटतटली. पावती आणि पेन खिशातच होतं, पण हात तिकडे गेला नाही.

"ताई," मुलगी काकुळतीला येऊन मला म्हणाली, "तुम्हीच सांगा ना पटकन. त्यांना त्रास होतोय."

तो नंबर मला पाठ आहे. झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. मी मान हलवून नाही म्हटलं आणि ओठ घट्ट मिटले. मागची रांग चुळबुळायला लागली. ह्यांनी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.